पाना न लागणारी बंदूक

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आठ दिवस आमच्याकडे राहायला होता. अकरावीत आहे. दुपारभर लॅपटॉपवर व्हॅलोरंट, रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार. दोन्ही बंदुकीचे ऑनलाइन गेम. मी शेजारी खुर्ची ओढून बघत बसायचो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पडद्यावर जे चाललंय ते जवळपास सगळं मला कळतंय. पैसे कमी असले की ह्या राउंडला हात आखडायचा, पुढच्या राउंडला खर्च करायचा. धूर कुठं सोडायचा. बॉम्ब ठेवल्यावर कुणी कुठल्या कोपऱ्यात दबा धरायचा. मी शेवटचा गेम नीट खेळलो त्याला अठरा-वीस वर्षं झाली, तरी कळत होतं.

माझा धंदा पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्याचा. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांना लागणारे पॅटर्न आम्ही करून देतो. २००५ साली सागवान तासून पॅटर्न करणारा मेस्त्री आज आमच्या शॉपमध्ये आला, तर कोरणारं राउटर मशिन आणि थ्रीडी प्रिंटर बघून तासभर तोंड उघडणार नाही. ओतकाम हा हजारो वर्षं जुना धंदा, तिथं ही तऱ्हा. आणि कॉम्प्युटर गेम, ज्याचा जन्म काल-परवाचा, तिथं वीस वर्षांनी परत आलेल्या माणसाला आपली खुर्ची ठेवली तिथंच सापडते. भाच्याला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, “मामा, ग्राफिक्स बघा की जरा.”

बघितले. बंदुकीच्या जागी चक्क जिवंत ड्रॅगन होता. त्याच्या तोंडातून निघणारी गोळी मात्र साध्या बंदुकीइतकीच, तेवढीच लागणारी.

ह्या प्रकाराला फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात, पोरांच्या तोंडी एफपीएस. खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसणारं जग, खाली उजवीकडे बंदूक, समोर दुसरी माणसं, जी खरोखरची कुठंतरी कॉम्प्युटरपुढं बसलेली आहेत. बीजीएमआय बहुतेक पोरं पाठीमागून बघत खेळतात, म्हणून काटेकोर बोलायचं तर तो ह्यात बसत नाही. पण घराणं एकच. आपल्याकडे ह्या गेमबद्दल लिहून येतं ते दोनच प्रसंगी. एक, कुणा पोराला व्यसन लागलं म्हणून. दोन, सरकारनं बंदी घातली म्हणून. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइल बंद झाला तेव्हा महिनाभर चर्चा झाली, तीही डेटा कुठं जातो ह्याची. हे गेम चांगले आहेत का, त्यांत काही नवं आहे का, हे कुणी विचारलं नाही. नाटकाबद्दल, सिनेमाबद्दल आपण असं करत नाही. सिनेमा वाईट असेल तर चौकातला माणूससुद्धा इंटरव्हलनंतर गोष्ट कशी फसली ते दहा मिनिटं सांगतो. ज्या गोष्टीवर आपली पोरं सिनेमापेक्षा जास्त तास घालवतात, तिच्याबद्दल मात्र आपलं मत म्हणजे एक तर ‘बंद करा’, नाहीतर ‘खेळू दे, काय होतंय’.

तर, नवं का येत नाही? सर्रास मिळणारं उत्तर असं की कल्पनाच संपल्या. बंदूक घेऊन पळायचं आणि मारायचं, ह्यात नवं ते काय करणार? मला हे पटत नाही. ह्या प्रकारातल्या मोठ्या कल्पना कुठून आल्या ते बघितलं, तर त्या बहुतेक कंपन्यांच्या नव्हत्याच. त्या खेळणाऱ्यांच्या होत्या. त्यांच्या हातातला पाना, म्हणजे गेम उघडून बदलायची सोय, काढून घेतला, आणि नवं येणं थांबलं.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला. चार जण नेटवर्कवर एकमेकांना मारू शकायचे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेलं होतं, म्हणजे ज्याला खटपट करायची त्यानं करावी. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये तर गेमचे नियम बदलता यावेत म्हणून एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषाच दिलेली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या काही पोरांनी तिच्यातून ‘टीम फोर्ट्रेस’ काढला. सगळ्यांनी एकसारखं शिपाई व्हायचं नाही. कुणी डॉक्टर, कुणी हेर, कुणी तोफा उभारणारा इंजिनियर. आज ज्याला हिरो शूटर म्हणतात, २०१६ च्या ‘ओव्हरवॉच’पासून ज्याची रांग लागली, त्याचं मूळ तिथं आहे.

१९९९ मध्ये मिन ली नावाचा व्हँकुव्हरजवळच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी आणि त्याचा जोडीदार जेस क्लिफ ह्यांनी ‘हाफ-लाइफ’ ह्या दुसऱ्याच्या गेमवर ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. व्हॉल्व्ह कंपनीनं तो नंतर विकत घेतला आणि २००० च्या नोव्हेंबरात दुकानात आणला. त्यातला सगळ्यात गाजलेला नकाशा ‘डस्ट’. तोही कंपनीबाहेरच्याच एका हौशी तरुणाचा, डेव्ह जॉन्स्टनचा. त्यानं तो कशावरून बेतला? ‘टीम फोर्ट्रेस २’ ची जी चित्रं तेव्हा प्रसिद्ध झाली होती त्यांवरून. तो गेम यायला २००७ उजाडलं. कंपनी गेम बाहेर काढीपर्यंत त्याच्या चित्रांवरून काढलेल्या नकाशावर जग आठ वर्षं खेळून झालं होतं.

पुढची मोठी उडी बॅटल रॉयलची. त्याचीही कुळकथा तीच. ‘आर्मा २’ नावाचा लष्करी थाटाचा एक किचकट गेम होता. २०१२ मध्ये डीन हॉलनं त्यावर ‘डेझी’ रचला. त्यावरून ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसानं, जो पेशानं गेमवाला नव्हताच, बरेच जण उतरवायचे आणि आकसत जाणाऱ्या गोलात शेवटचा उरेल तो जिंकला, असा खेळ मांडला. एका कोरियन कंपनीनं त्याला बोलावून घेतलं आणि २०१७ मध्ये ‘पब्जी’ आला. भाच्याच्या मोबाइलवरचा बीजीएमआय हा त्याचा नातू.

कंपन्यांनी काहीच केलं नाही असं नाही. ‘बॅटलफील्ड १९४२’ नं २००२ मध्ये ६४ माणसांना रणगाडे आणि विमानं दिली. ‘रेनबो सिक्स सीज’नं २०१५ मध्ये भिंती फोडायला दिल्या, आणि फुटणारी भिंत आली की दार ह्या शब्दाचाच अर्थ बदलतो. २०१५ चाच निन्टेंडोचा ‘स्प्लाटून’. पाठीमागून बघायचा आहे, पण त्यात माणसं मारून जिंकत नाहीत, जमीन आपल्या रंगानं जास्त रंगवली तर जिंकतात. अशी उदाहरणं आहेत. मोजायला बसलो तर बोटं पुरतात, एवढंच माझं म्हणणं.

आणि काही गोष्टी तर कुणीच रचल्या नाहीत. ‘क्वेक’मध्ये पायाखाली रॉकेट मारून उंच उडी घ्यायची युक्ती खेळणाऱ्यांनी घोटली. १९९८ च्या ‘ट्राइब्स’मध्ये उतारावर लागोपाठ उडीचं बटण दाबलं की घर्षण लागायचंच नाही, माणूस घसरत सुसाट जायचा. तो दोष होता. पुढच्या ‘ट्राइब्स’मध्ये कंपनीनं त्यालाच खेळाचा कणा केलं. दोष दिसला की बुजवायचा, हा कारखान्यातला नियम. खेळात दोष दिसला की आधी दोन महिने खेळून बघायचं असतं.

आता थोडं आमचं.

२००५ च्या आसपास राजारामपुरीत एक सायबर कॅफे होता. नऊ मशिन, तासाला वीस रुपये. दारावर इंटरनेटचा बोर्ड, आत काउंटर-स्ट्राइक १.६. सुरुवातीला आठशे डॉलर मिळायचे, एके-४७ अडीच हजाराला, लांबून टिपायची एडब्ल्यूपी रायफल पावणेपाच हजाराला. इंग्रजीत काठावर पास होणारी पोरं हा हिशेब तोंडी करायची. मेलं की राउंड संपेपर्यंत गप्प बसायचं. ह्या एका नियमात त्या गेमचं निम्मं शहाणपण होतं, कारण मेलेला माणूस रिकामा होतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत ओरडतो, “बी ला आलेत, बी ला!” बी म्हणजे बॉम्ब ठेवायची एक जागा. त्यावरून मारामारी ठरलेली. स्क्रीन बघितलीस, नाही बघितली. (२०१४ मध्ये मेलबर्नच्या एका छोट्या चमूनं ‘स्क्रीनचीट’ म्हणून गेम काढला. त्यात सगळे खेळाडू अदृश्य असतात आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर बघूनच तो कुठं आहे ते ओळखायचं. आमच्या कॅफेतलं भांडण उचलून त्यांनी त्याचा नियम केला. मला अजून हेवा वाटतो.)

आमच्यातल्या एकाला एका मासिकाबरोबरच्या सीडीवर हॅमर नावाचा नकाशे बनवायचा प्रोग्रॅम मिळाला. त्यानं मंगळवार पेठेतली आमची गल्ली बांधायला घेतली. घरं, पाण्याची टाकी, तालमीचा कट्टा. त्या प्रोग्रॅमचा नियम असा की बांधलेलं जग चारी बाजूंनी सीलबंद हवं. कुठं केसाएवढी फट राहिली आणि बाहेरची पोकळी आत दिसली की ‘लीक’ म्हणून सगळं काम अडायचं. आठवडा त्या फटी शोधण्यात गेला. मग पेंटियम रात्रभर चालू ठेवून नकाशा शिजवायचा. सकाळी आई विचारायची, ह्याला झोप नाही का?

नकाशा वाईट झाला. बॉम्ब ठेवायची जागा तालमीच्या कट्ट्यावर, आणि टी-बाजू, म्हणजे बॉम्ब ठेवणारे दहशतवादी, गल्लीच्या तोंडाशी जन्माला येणार, म्हणजे चार पावलांवर. पोलिसांची बाजू येईपर्यंत बॉम्ब ठेवून हे कोपऱ्यात बसलेले. सलग अकरा राउंड टी जिंकले आणि कॅफेत शिव्या पडल्या. मग मित्रानं मध्ये एक उसाची ट्रॉली आडवी लावली. ट्रॉली कसली, तपकिरी खोकी. वाट अडवण्यापुरती. तर दोन दिवसांत पोरं त्या ट्रॉलीवर चढून, पलीकडच्या भिंतीवरून, टाकीमागं लपलेल्याला टिपायला लागली. हे त्याच्या डोक्यात नव्हतं, आमच्याही नव्हतं. मग सगळा खेळ त्या ट्रॉलीभोवती फिरायला लागला. खेळाची रचना म्हणजे काय हे मला कुणी कॉलेजात शिकवलं असतं तरी त्या ट्रॉलीएवढं कळलं नसतं.

व्हॅलोरंटचा नकाशा भाचा बनवू शकत नाही. बनवायची इच्छा नाही म्हणून नव्हे. तसं दारच ठेवलेलं नाही.

दार बंद का झालं, हे नीट बघायला हवं. कारण त्यात कुणाचा दुष्टावा नाही, हिशेब आहे. पूर्वी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ जोडणारं मशिन, कुणीतरी चालवायचा: कॅफेवाला, कॉलेजची लॅब, कुठला तरी हौशी माणूस. त्याचे नियम त्याचे, नकाशे त्याचे, तुम्हाला पटलं तर थांबा. हे आपल्या तालमींसारखं होतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ह्या मुळात तालमी, पण त्यांच्याच नावानं फुटबॉलचे संघ उभे राहिले आणि शाहू स्टेडियममध्ये पेठा पेठांना भिडतात. तिथं हरवणाऱ्याचं तोंड माहीत असतं. २००४ च्या ‘हॅलो २’ नं एक्सबॉक्सवर दुसरी सोय आणली: बटण दाबा, तुमच्या तोडीची माणसं आम्ही शोधून देतो. मॅचमेकिंग. सोय मोठी होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण तिची एक भूक असते. तुमच्याच दर्जाचे, तुमच्या जवळचे, ह्या घडीला मोकळे असलेले दहा जण गाठायचे तर रांगेत हजारो लोक उभे हवेत, आणि ते सगळे एकाच गोष्टीसाठी. मंगळवार पेठेचा नकाशा आला की रांग फुटली. दोन नकाशे आले, आणखी फुटली. म्हणून मॅचमेकिंगला नवं परवडत नाही. काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धांमध्ये एका वेळी सातच नकाशे असतात, आणि डस्टचा दुसरा अवतार, २००१ सालचा, दोनदा काढला तरी परत आला.

२००९ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ पीसीवर आला तो खेळणाऱ्यांनी स्वतः चालवायच्या सर्व्हरशिवायच. निषेधाच्या निवेदनावर लाखाच्या वर सह्या झाल्या. आणि गेम धडाक्यात खपला. सह्या करणाऱ्यांतल्याही कित्येकांनी घेतला असणार. त्या धंद्यानं त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

मग रंगाचा बाजार आला. १.६ मध्ये बंदुकीचा रंग बदलायचा तर फोल्डरमध्ये एक फाइल टाकायची. आमच्या कॅफेत एकाची एके भगवी होती, एकाच्या चाकूवर त्याच्या मंडळाचं नाव होतं. फुकट. ‘टीम फोर्ट्रेस २’ २०११ मध्ये फुकट झाला, कारण तोवर टोप्या विकून जास्त मिळतं हे कळलं होतं. २०१३ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकांच्या स्किन, म्हणजे रंग-नक्षी, आल्या. आता जी वस्तू कुणीही फोल्डरमध्ये टाकू शकतो तिला भाव कसा येणार? कुलूप लावल्यावरच येणार. खेळणाऱ्यानं काढलेली स्किन कंपनी आजही घेते, मोबदलाही देते. म्हणजे ज्यांनी घर बांधलं त्यांना आता रंगकामाचं कंत्राट मिळतं.

चोरीचाही प्रश्न आहे, आणि तो खरा आहे. भिंतीपलीकडचं दाखवणारे, नेम आपोआप लावणारे प्रोग्रॅम विकत मिळतात. ते पकडायला व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून विंडोजच्या गाभ्यात बसून असतो. पहारा एवढा कडक केला की यंत्र उघडणारा आणि यंत्रात चोरी करणारा, दोघं सारखेच दिसतात. मी कंपनी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं.

आणखी एक गोष्ट कंपन्यांच्या बाजूनं बोलायला हवी. ऑनलाइन गेममध्ये जे काही हलतं ते दहा जणांच्या मशिनवर एकाच वेळी सारखं हलावं लागतं. कोल्हापुरातून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यात काही मिलिसेकंद जातातच. तेवढ्या वेळात समोरचा सरकलेला असतो. मग सर्व्हर घड्याळ क्षणभर मागं फिरवून, तुम्ही चाप ओढला तेव्हा तो कुठं होता ते तपासतो. ह्या कामात खरी हुशारी खर्ची पडली आहे आणि ती कुणाला दिसत नाही. कोसळणाऱ्या इमारतीचा प्रत्येक तुकडा असा सगळीकडे पोहोचवायचा म्हणजे डोकेदुखी. २०२३ च्या ‘द फायनल्स’नं ती पाडापाडी सर्व्हरवरच करून दाखवली, म्हणून त्याचं कौतुक. बाकीचे साध्या, न हलणाऱ्या भिंती बांधतात ते निव्वळ आळसानं नव्हे.

पण ह्यावर कोल्हापूरकर एक प्रश्न विचारणारच, आणि मला तो आमच्याच शॉपमधल्या एका पैलवान कामगारानं विचारला. खासबाग मैदान १९१२ चं. शाहू महाराजांच्या वेळेपासून लाल माती तीच, चितपट तीच. कुस्तीत नवं काही आणा म्हणून कोण ओरडतंय? मग बंदुकीच्या खेळालाच नवं कशाला पाहिजे?

मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग सुचलं ते असं. कुस्तीचा नियम जुना आहे, पण तो कुणाच्या मालकीचा नाही. ढाक, घिस्सा, एकेरी पट ह्यांच्यावर कुणाचं पेटंट नाही. वस्तादानं शिकवायचं, पोरानं त्यात आपल्या अंगचं घालायचं, आणि एखाद्याचा डाव फार चालायला लागला तर दुसऱ्या तालमीनं त्यावर तोड काढायची. डाव बंद करायला वरून कुणी येत नाही. आजच्या शूटरमध्ये खेळणाऱ्यांनी एखादी युक्ती काढली, ती फार चालायला लागली, की साधारण दोन आठवड्यांनी पॅच, म्हणजे कंपनीची दुरुस्ती, येतो आणि युक्ती संपते. तोड काढायची वेळच प्रतिस्पर्ध्यावर येत नाही. कुस्तीसारखं स्थिर राहायचं तर राहा बापडे, तक्रार नाही. किंवा क्वेकसारखं रोज मोडून नवं करा. ह्यांनी असं केलंय की नियम दर पंधरवड्याला हलतात आणि नवं मात्र काही होत नाही. दोन्हीकडची खोट तेवढी ह्यांनी उचलली.

“लोकांनाच नवं नको असतं” हे कंपन्यांचं आवडतं वाक्य. त्याला पुरावा म्हणून ‘कॉन्कॉर्ड’ दाखवतील. सोनीनं २३ ऑगस्ट २०२४ ला आणला, ६ सप्टेंबरला बंद केला, सगळ्यांचे पैसे परत दिले, ऑक्टोबरात तो बनवणारा स्टुडिओही बंद केला. पण कॉन्कॉर्डमध्ये नवं काय होतं? पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाची वेगळी शक्ती, चाळीस डॉलर. शेजारच्या दुकानात हेच फुकट. नवं म्हणून तो पडला नाही, आठ वर्षं शिळं म्हणून पडला. मात्र त्या धंद्याच्या वहीत नोंद होते ती अशी: धोका पत्करला, बुडालो, आता पुन्हा नको.

ह्याहून बोलका प्रसंग २०२५ च्या जूनमधला. ‘स्प्लिटगेट’ हा हॅलोची चाल आणि भिंतीत दारं पाडायची युक्ती ह्यांचा जोड. दोन जुन्या गोष्टींचा असला तरी मजेदार. त्याच्या दुसऱ्या भागाच्या प्रसंगी कंपनीचा प्रमुख अमेरिकेतल्या मोठ्या मंचावर आला. डोक्यावर टोपी, तिच्यावर ट्रम्पच्या घोषणेच्या चालीवर एफपीएस पुन्हा महान करू या असा मजकूर. म्हणाला, दरवर्षी तोच कॉल ऑफ ड्यूटी खेळून कंटाळलो. आणि लगेच त्यानं जाहीर काय केलं? आमच्या गेममध्ये बॅटल रॉयल आणतोय. दीड महिन्यात गेम पुन्हा चाचणीच्या टप्प्यात मागं घ्यावा लागला. त्या माणसाची मला चीड आली नाही. तो खरंच कंटाळलेला होता. पण कंटाळ्यातून बाहेर पडायचं म्हटल्यावर त्याच्याही हाताला लागलं ते सगळ्यात मळलेलंच.

भाचा म्हणेल, आणि म्हणालाच, “मामा, फोर्टनाइटमध्ये येतंय की मॅप करायला. रोब्लॉक्समध्ये तर लई जण करतात.” खरं आहे. २०२३ पासून फोर्टनाइटनं चांगली हत्यारं दिली आहेत, लोक त्यावर पैसेही मिळवतात. माझी तक्रार एवढीच की ते भाड्याच्या खोलीत संसार मांडणं आहे. खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं, आणि मालकानं घर पाडलं तर तुमचा संसारही गेला. क्वेकचं तसं नव्हतं. डूमचा मूळ प्रोग्रॅम १९९७ मध्ये आणि क्वेकचा १९९९ मध्ये कंपनीनं सगळ्यांसाठी मोकळा केला, आणि त्या लोखंडातून लोक अजून वस्तू काढतात. तरीही, पर्याय नसेल तर भाड्याची खोली बरी. पुढची मोठी कल्पना रोब्लॉक्सवरच्या एखाद्या पोराकडून आली तर मला नवल वाटणार नाही. ब्रेंडन ग्रीनही दुसऱ्याच्याच घरात सुरू झाला होता.

मग कोल्हापुरात बसून आपण ह्याचं काय करायचं? सरकार सध्या ह्या बाबतीत उत्साहात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्‌सला मान्यता. त्याच वर्षी राज्यानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. उद्योग आणायचे, पोरांना प्रशिक्षण द्यायचं. चांगलं आहे. पुण्यात तर कामही होतंय: ‘राजी’ पुण्याचा, २०२० चा, शूटर नाही पण देखणा, ‘इंडस’ हा बॅटल रॉयलही पुण्यातल्याच कंपनीचा, २०२४ चा. शेवटचा उरण्याखेरीज जिंकायची दुसरी एक वाट त्यांनी ठेवली आहे, हे मला आवडलं. पण प्रशिक्षणात शिकवतात काय, तर सॉफ्टवेअर. झाडाचं मॉडेल करा, त्याला रंग द्या, परदेशी स्टुडिओला पाठवा. म्हणजे पुन्हा रंगकामच. खेळ का फसला, ट्रॉली कुठं लावायची, हे त्या अभ्यासक्रमात बसत नाही.

हे शहर यंत्र उघडून शिकलेलं आहे, आणि हे मी अभिमानाच्या भाषणासाठी म्हणत नाही, आमच्या धंद्याचा हिशेबच तो आहे. बाहेरून आलेलं ऑइल इंजिन खोलून, भाग मोजून, तसाच भाग इथं ओतून, मग त्यात सुधारणा, असं उद्यमनगर उभं राहिलं. बाबूराव पेंटरांनी सिनेमा काढायचा म्हटलं तर आधी कॅमेरा इथंच घडवला. ज्या यंत्राला पाना लावायला जागाच नाही ते यंत्र इथल्या माणसाला वापरता येईल, शिकवणार काही नाही.

आमच्याकडच्या इंजिनियरिंग कॉलेजांत गॅदरिंगला बीजीएमआय आणि व्हॅलोरंटच्या स्पर्धा होतात. मंडळांच्याही होतात, बॅनर लागतात, बक्षिसं लागतात. त्यात एक संध्याकाळ वेगळी ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे, आणि बक्षिसातला काही भाग मी द्यायला तयार आहे. त्या संध्याकाळी कंपनीचा नकाशा नको. पोरांनी स्वतः बांधलेले नकाशे आणायचे. काउंटर-स्ट्राइकचे चालतील, त्याचं दार अजून किलकिलं आहे. गेम बनवायचं गोडो नावाचं इंजिन फुकट आणि मोकळं आहे, त्यातलं काही चालेल. क्वेकचं जुनं लोखंड चालेल. जिंकणाऱ्या संघाला नाही, नकाशा बांधणाऱ्याला ढाल. परीक्षक म्हणून खेळणारेच, कारण शिव्या कुठल्या राउंडला पडल्या हे त्यांनाच माहीत असतं.

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “कोण येणार, मामा? मॅप लई भंगार असतील.”

असतील. आमच्याही नकाशात चार पावलांवर बॉम्ब ठेवता येत होता. ट्रॉली नंतर आली.